तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था खिळखिळी होते म्हणजे नेमके काय होते?

निवडणुका वेळेवर होतात, अधिवेशने भरतात, न्यायालये चालू आहेत. मग ध्रुवीकरणामुळे लोकशाहीच्या संस्था खिळखिळ्या होतात असे म्हणताना तुम्हाला काय बिघडलेले दिसते, असे मला वारंवार विचारले जाते. उत्तरादाखल मी एकच पद घेतो: विधानसभेचे किंवा लोकसभेचे अध्यक्षपद.

१९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला आणि सदस्याला अपात्र ठरवण्याचा अधिकार अध्यक्षाकडे गेला. अध्यक्ष बहुमताने निवडला जातो, बहुमतानेच हटवता येतो, आणि निवाडा मात्र अनेकदा त्याच बहुमताच्या मुळाशी जाणारा असतो. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पदाच्या प्रतिष्ठेवर भिस्त ठेवून ही तरतूद उचलून धरली. पाचपैकी दोन न्यायमूर्तींना मात्र अध्यक्षाच्या निःपक्षपातीपणाची खात्री वाटली नव्हती.

ती भिस्त अगदीच निराधार नव्हती. १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचे सदस्यत्व सोडले होते. २००८ मध्ये सोमनाथ चटर्जी यांनी विश्वासदर्शक ठरावापूर्वी अध्यक्षपद सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्याच पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. ध्रुवीकरण काम करते ते असे: तटस्थ राहणे हीच फितुरी ठरते, आणि ती किंमत मोजायला फार थोडे जण तयार असतात.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ विधानसभेला अध्यक्षच नव्हता. निवड गुप्त मतदानाने करायची की आवाजी, यावरही सरकार आणि राज्यपाल यांचे जमले नाही. पुढे शिवसेना फुटली. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या अपात्रतेच्या प्रकरणाचा निर्णय, सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर, १० जानेवारी २०२४ रोजी लागला आणि दोन्ही गटांतील कोणीही अपात्र ठरले नाही. तो निर्णय बरोबर की चूक, हा माझा मुद्दा नाही. खुर्चीवर कोण आहे एवढे पाहून तो आधीच वर्तवता येतो असे दोन्ही बाजूंचे लोक उघडपणे म्हणत होते, आणि त्याचे कोणालाही आश्चर्य वाटत नव्हते, हे मला जास्त गंभीर वाटते.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दोष कोणत्या पक्षाचा? पद रिकामे राहिले एका सरकारच्या काळात, निर्णय रेंगाळला दुसऱ्याच्या. आणि लोकसभेत तर २०१९ ते २०२४ या पूर्ण कार्यकाळात उपाध्यक्षच निवडला गेला नाही, राज्यघटनेचे ९३वे कलम तशी निवड लवकरात लवकर करायला सांगत असतानाही.

अपात्रतेचा निवाडा करण्याचे काम अध्यक्षाकडून काढून निवृत्त न्यायमूर्तींच्या कायमस्वरूपी लवादाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या खटल्यात सुचवले होते. मला ती सूचना पटते. मात्र त्या लवादासाठी दोन्ही बाजूंना मान्य होईल असे एक नाव सुचवा, असे कोणी म्हटले, तर आज मला ते चटकन सुचणार नाही.