डोंगर नाही, मग किल्ला कसला? तुम्ही विचारलंत म्हणून...

सोलापूरच्या भुईकोटाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "रायगड, राजगड समजू शकतो. पण इथं ना डोंगर, ना कडा. हुतात्मा बागेला लागून असलेल्या या भिंतींनी अडवलं असेल कुणाला?" पुण्याकडचे ट्रेकर हे विचारतात आणि गड्ड्याच्या जत्रेला आलेले आपले सोलापूरकरही विचारतात. प्रश्न रास्तच आहे. फक्त उत्तरासाठी मान वर करायची नाही, खाली बघायचं.

कुठल्याही किल्ल्याला शत्रूचे तीन डाव हाणून पाडायचे असतात. त्याला तटाच्या बुडाशी येऊ द्यायचं नाही. आलाच तर बुडाखाली खणू द्यायचं नाही. आणि लांबून तोफा डागून तट फोडू द्यायचा नाही. सह्याद्रीत यातली बरीचशी कामं डोंगर फुकटात करतो. उभ्या कातळाला शिडी पुरत नाही, सुरुंगासाठी खणायचं तर छिन्नी-हातोडा घेऊन बसावं लागतं, आणि जड तोफ चढावर ओढून नेईपर्यंत बैल आणि माणसं दोन्ही थकतात. सपाटीवर हेच सगळं पैसे मोजून, माती उपसून करावं लागतं. भुईकोट म्हणजे सोपा किल्ला, असं म्हणणाऱ्यांनी खंदकाच्या काठावर उभं राहून तो किती खणलाय ते एकदा बघावं.

भुईकोटाचा डोंगर म्हणजे त्याचा खंदक. जमिनीवरून वीस फूट दिसणाऱ्या तटापुढे पंधरा फूट खंदक असला, तर शिडी निदान पस्तीस फुटांची लागते. एवढी लांब शिडी जड होते, आणि माणसं चढताना मधोमध वाकते. खंदक रुंद असला की ती आधी त्यात उतरवावी लागते, तीही वरून गोळ्या येत असताना. शिवाय खणताना निघालेला मुरूम आणि दगड वाया जात नाही, तो तटाच्या पोटात भरायला जातो.

खंदकात पाणी असलं की सुरुंगाचाही प्रश्न मिटतो, कारण खालून येणारं भुयार पाण्यानं भरतं. पण आपल्या मुलखात बारा महिने पाणी आणायचं कुठून? सोलापूरच्या किल्ल्याची जागा इथंच कळते. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खणवला अशी परंपरा आहे, आणि किल्ला त्यानंतरचा, बहमनी काळातला. म्हणजे आधी तलाव, मग किल्ला. एक बाजू तलावानं सांभाळली, उरलेल्या बाजूंना खंदक आला. नळदुर्गात तर बोरी नदीच कामाला लावलेली आहे. १६१३ साली, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, तिथं बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांचे रील काढायला गर्दी होते, पण आपण उभे आहोत तो बांध संरक्षणाचा भाग आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

आता तट. सोलापूरला तो दुहेरी आहे. बाहेरचा बुटका, आतला उंच. बाहेरच्याला जाणकार शेरहाजी म्हणतात. उंचीतला फरक मुद्दाम ठेवलेला असतो, कारण त्यामुळं दोन्ही तटांवरून एकाच वेळी मारा करता येतो आणि पुढच्याच्या डोक्यावरून मागचा गोळी झाडतो. शत्रूनं बाहेरचा तट घेतला तरी तो दोन भिंतींमधल्या बोळात अडकतो. वरून मारा, मागे खंदक. शिवाय बुटका तट आतल्या तटाचं बूड झाकतो. तोफ बुडावर लागली तर तट कोसळतो, माथ्यावर लागली तर नुसत्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे कंगोरे, उडतात.

जंग्या बघताना वाकून डोळा लावा. तटातली ही गोळी झाडायची भोकं सगळी एकसारखी नसतात. काही सरळ लांबवर बघतात, काही तिरपी खाली उतरतात. खाली उतरणाऱ्या जंगीतून खंदकाचा तळ किंवा तटाचा पायथा दिसायला हवा. दोन शेजारच्या बुरुजांमधून मधल्या भिंतीचा पूर्ण पायथा दिसला, तर बांधणाऱ्याला आपलं काम येत होतं. मध्ये आंधळी जागा राहिली तर शिडी नेमकी तिथंच लागणार.

दरवाजापाशी खिळे बघून पुढं जाऊ नका. खिळे हत्तीच्या धडकेसाठी, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याऐवजी आतून चौकटीच्या दोन्ही बाजूंची चौकोनी भोकं बघा. एका बाजूचं भोक वीतभर, दुसऱ्या बाजूचं हात घातला तरी न संपणारं. अडसर त्या खोल भोकात भिंतीच्या पोटात ढकललेला असायचा. संकट आलं की ओढून समोरच्या भोकात बसवायचा. दाराआड चार माणसं एवढ्यात दार बंद करत. एक दरवाजा ओलांडला की वाट लगेच वळते आणि दुसरा दरवाजा समोर न येता बाजूला येतो. वळणापाशी ओंडका घेऊन धावायला जागाच राहत नाही.

मग हे किल्ले पडले कसे? याचं चांगलं उदाहरण आपल्याकडचं नाही, वसईचं आहे. बंदराचं शहर, भोवती तट, कोनाकोनांचे पोर्तुगीज बुरूज, बहुतेक बाजूंना समुद्र आणि खाडी. चिमाजी आप्पांच्या फौजेनं १७३९ मध्ये उत्तरेची, जमिनीकडची बाजू धरली आणि बुरुजांखाली सुरुंग लावले. तट पाण्याच्या बाजूला कितीही मजबूत असो, जिथं कोरडी जमीन आहे तिथंच तो तपासला जातो. सोलापूरची गोष्ट वेगळी. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं १० तारखेला शिड्या लावून पेठेचा, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या वस्तीचा, तट घेतला. किल्ल्यापुढं शिड्यांनी भागलं नाही, तोफा मांडाव्या लागल्या. १५ तारखेला किल्ला हवाली झाला. पेठेला एक दिवस, किल्ल्याला आणखी पाच. खंदकाचं आणि दुहेरी तटाचं मोल यातच दिसतं. पण लांबून नेमका मारा करणाऱ्या तोफा आल्यावर पाच दिवसांपलीकडं तेही टिकलं नाही.

किल्ल्यावरच्या अजस्र तोफांनी फार फरक पडत नसे, हे आमचं मत. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान परांड्याला होती, तिथून विजापूरला गेली. बघायला भव्यच. पण अशी तोफ हलवायला, फिरवायला, पुन्हा भरायला लागणारा वेळ बघता तिचा धाक माऱ्याहून मोठा असणार.

तोफेला खरं उत्तर आपल्याच खेड्यांत होतं, गढी, म्हणजे पांढरीच्या (गावठाणातल्या पांढऱ्या) मातीचा तटबंद वाडा. दगडी भिंतीवर गोळा लागला की दगड फुटून कपच्या उडतात आणि त्या कपच्याच आतल्या माणसांना लागतात. रुंद मातीच्या भिंतीत गोळा रुततो. आज या गढ्या दिसतात त्या कुरतडल्यासारख्या, आणि हे शत्रूनं केलेलं नाही. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांवर टाकायला पांढरी माती लागते, ती गावानं वर्षानुवर्षे गढीतूनच नेली.

दगडी तट मरतो पाण्यानं. आत-बाहेर घडीव दगडाच्या दोन भिंती, मध्ये चुना-मुरमाचं भरण. फांजीवरची, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरची, फरसबंदी फुटली की पाणी भरणात शिरतं, भरण फुगतं, बाहेरची भिंत पोट काढते. पोट दिसलं की पुढच्या एखाद्या पावसाळ्यात ती बाजू कोसळणार. पिंपळ दिसला तर उपटू नका. मूळ सांध्यात असतं, त्याच्याबरोबर दगड येतो. बुडाशी कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं आणि पोकळी चुन्यानं भरावी लागते. सांधे भरायला सिमेंट नकोच. ते चुन्यापेक्षा टणक आणि पाणी अडवणारं. आतली ओल सांध्यातून बाहेर न पडता दगडातून पडते, आणि काही वर्षांत सिमेंटची रेघ शाबूत पण शेजारचा दगड पापुद्रे सुटलेला, असं दृश्य दिसतं. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, आणि आठवडाभर ओलं गोणपाट, एवढ्यावर भागतं. चुना मुरायला वेळ द्यावा लागतो, ठेकेदाराला बिलाची घाई असते, आणि भांडण तिथंच होतं.

बघायला यायचं तर हिवाळ्यात या. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर तटावर थांबवत नाही. आधी बाहेरून खंदकाच्या कडेनं जा, मग दरवाजा, मग आतली बत्तीस खांबांची मशीद आणि देवळाचे अवशेष, आणि फांजी सगळ्यात शेवटी. तटात मध्येच एखादा कोरीव दगड आडवा बसवलेला दिसेल, तो जुन्या देवळातला. त्याच्यावर हात फिरवा, पण नाव कोरू नका.