‘कल्पना कशी सुचते?’ हा प्रश्न आता बाद

व्यंगचित्रकारांशी गप्पा मारून, त्या रेकॉर्ड करून ठेवायचं काम मी करतेय. ते कुठवर आलंय, ते सांगते. आधी माझ्याकडे व्यक्तीनुसार फोल्डर होते. त्यात एखादा मुद्दा शोधायचा म्हणजे सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत बसायचं. आता हत्यारं, डेडलाइन, नकार, संपादक, हात असे विषयवार गठ्ठे केलेत. काम निम्म्यावर आलंय. ‘हात’ हा गठ्ठा सगळ्यांत जाड होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मोठा बदल प्रश्नांच्या यादीत झालाय. ‘तुम्हाला कल्पना कशी सुचते?’ हा प्रश्न कायमचा काढून टाकला. माणूस कितीही मनमोकळा असो, हा प्रश्न आला की तोंडपाठ उत्तर येतं : निरीक्षण, वाचन, आजूबाजूची माणसं. खोटं नसतं ते, पण कुणालाही लागू पडतं. त्याऐवजी आता विचारते, ‘अलीकडे टाकून दिलेलं एखादं चित्र दाखवाल का?’ ते हातात आलं की बोलण्याला धार येते. इथे ओळ आधी सुचली आणि चित्र मागून चिकटवलं. इथे दोन विनोद एकमेकांच्या पायात आले. हे टेबल काढायलाच नको होतं, सगळी जागा त्यानेच खाल्ली. कल्पना कशी सुचते याचंच हे उत्तर, फक्त मागच्या दाराने आलेलं.

दुसरी युक्ती आणखी सोपी : समोर कोरा कागद आणि पेन ठेवून द्यायचं, काढा म्हणून म्हणायचं नाही. हात शिवशिवतोच. परवा एका ज्येष्ठ व्यंगचित्रकारांनी बोलता बोलता कागद पुढे ओढला, आणि मी प्रश्न विचारायचं सोडून नुसती बघत बसले. फिकट निळ्या पेन्सिलीने त्यांनी आधी संवाद लिहिला. माणसं नाही, चौकट नाही, नुसता मजकूर. मग त्याभोवती फुगा, आणि उरलेल्या जागेत दोन माणसं. आपण हौशी लोक नेमकं उलट करतो. मन लावून माणसं काढतो आणि शेवटी संवाद कोपऱ्यात मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात कोंबतो. ‘वाचणारा आधी मजकुराकडे जातो, मग तोंडाकडे. त्याची वाट मोकळी नको का ठेवायला?’ एवढंच म्हणाले.

मग शाईचा टाक हातात घेतला. रेघ स्वतःकडे ओढतात, पुढे ढकलत नाहीत. वळण आलं की मनगट न वळवता कागदच फिरवतात. सुरुवात नाकापासून, डोळे अगदी शेवटी. भुवईपाशी मात्र हात थांबला. कागदाच्या कडेला त्यांनी तीच भुवई वेगवेगळ्या उंचीवर काढून पाहिली. ‘उंच नेली तर हा माणूस भोळा वाटतो. भोळा असेल तर विनोद गेला, कारण त्याला सगळं ठाऊक आहे.’ शेवटी जवळजवळ आडवी रेघ मारली, आणि तो माणूस खरोखर आतल्या गाठीचा दिसायला लागला. या एका रेघेवर मी वहीचं एक पान खर्ची घातलंय, आणि मला ते कमीच वाटतं.

निळ्या पेन्सिलीचं कारण बहुतेकांना माहीत असेल, तरी सांगते. छपाईसाठी चित्राचा फोटो काढायचे तेव्हा ती फिल्म फिकट निळा रंग पकडत नसे, त्यामुळे कच्च्या रेघा खोडायची गरज नव्हती. आता स्कॅन केल्यावर निळा रंग सॉफ्टवेअरमध्ये उडवता येतो. पद्धत गेली, पेन्सिल राहिली. टॅब्लेटवर काम करणाऱ्या एका तरुण चित्रकर्तीने कच्च्या आराखड्याचा थर निळाच ठेवलाय. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘ताई, काळ्यावर काळं काढलं की आधीच पूर्ण झाल्यासारखं वाटतं, मग बदलायला जीव होत नाही.’ मला हे कारण कॅमेऱ्यापेक्षा जास्त पटलं.

हत्यारांच्या गठ्ठ्यात अर्थातच अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ आहेत. चार्ली ब्राउन आणि स्नूपी कुत्र्याची ‘पीनट्स’ ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी ते एस्टरब्रुक कंपनीच्या ९१४ नंबरच्या निबने काढत. कंपनी बंद होणार असं कळल्यावर त्यांनी उरलेला साठाच विकत घेतला. हा किस्सा सगळे हौसेने सांगतात, पण त्यांच्या हाताबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९८१ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर हाताला कंप आला. नंतरच्या वर्षांतल्या पट्ट्या शेजारी ठेवून बघा, रेघ थरथरलेली दिसते. तरी मदतनीस घेतला नाही. १७,८९७ पट्ट्या, सगळ्या स्वतःच्या हातच्या. मी त्यांतल्या काही उतरवून पाहिल्या. थरथर ठरवून आणायला गेलं की नाटकी होते, कारण त्यांची रेघ थरथरतानाही कुठे जायचंय ते विसरत नाही. ज्यांना नक्कल करून शिकायची सवय आहे त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

अल जॅफी यांची गोष्ट तर हाताची आणि डोळ्याची मिळून आहे. ‘मॅड’ या अमेरिकन विनोदी मासिकाचं शेवटचं पान घडी घातली की वेगळंच चित्र दिसायचं, ते काम त्यांचं, १९६४ पासूनचं. मूळ चित्र ते जाड बोर्डावर काढत, त्यामुळे त्याची घडी घालून बघताच येत नसे. अंक छापून हातात आल्यावरच घडीचं चित्र खऱ्या अर्थाने दिसणार! २०२० साली निवृत्त झाले तेव्हा वय ९९. व्यंगचित्र म्हणजे झटपट काम असं कुणी म्हटलं की मी हेच उदाहरण देते.

डेडलाइनबद्दल सगळेच कुरकुरतात, आणि कुरकुर करायलाच हवी. पण आर. के. लक्ष्मण यांनी सांगितलेली गोष्ट डोक्यात ठेवा. सुरुवातीला ते देशातल्या लोकांची गर्दी काढत, वेगवेगळ्या प्रांतांतली, वेगवेगळ्या पोशाखांतली माणसं. रोजच्या घाईत एवढी माणसं काढणं जमेना, म्हणून एकेक कमी होत गेली आणि शेवटी चौकड्यांच्या कोटातला एकच गृहस्थ उरला. म्हणजे ‘कॉमन मॅन’च्या जन्मात घड्याळाचाही वाटा आहे. माझ्या गप्पांमध्येही हे पुन्हा पुन्हा येतं : शैली कुठून आली म्हणून विचारलं की बरेच जण शेवटी वेळेच्या टंचाईवर येतात. बोटं चारच का, पार्श्वभूमी कोरी का, सगळ्यांचे बूट एकसारखे का.

नकाराचा गठ्ठा वाचताना आधी हसू येतं, मग येत नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार बॉब मॅनकॉफ यांनी १९७४ ते १९७७ या काळात व्यंगचित्रांसाठी नावाजलेल्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाला दोन हजार चित्रं पाठवली आणि तेवढीच परत आली. १९७७ मध्ये पहिलं घेतलं गेलं. पुढे १९९७ ते २०१७ तेच तिथे व्यंगचित्रांचे संपादक. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ ही चित्रमालिका काढणाऱ्या बिल वॉटरसन यांना तर राजकीय व्यंगचित्रकाराच्या नोकरीवरून काही महिन्यांतच काढलं. नंतर एका सिंडिकेटने, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपनीने, सुचवलं की आम्ही विकायला काढलेलं एक रोबोचं पात्र तुमच्या चित्रमालिकेत घाला. हातात काही नसताना त्यांनी नकार दिला. ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ त्यानंतर, १८ नोव्हेंबर १९८५ ला, दुसऱ्या सिंडिकेटकडून सुरू झालं. खेळणी-कपड्यांवर आपली पात्रं छापायला पुढे जो विरोध त्यांनी केला, त्याची मुळं मला या पहिल्या नकारात दिसतात. हा माझा तर्क, कुणाला वाद घालायचा असेल तर स्वागत आहे.

आणि थांबणं. हा विषय काढायला आधी संकोच वाटायचा, आता मुद्दाम काढते. अर्जेंटिनाचे व्यंगचित्रकार क्विनो यांनी ‘माफाल्दा’ ही एका छोट्या मुलीची चित्रमालिका १९६४ मध्ये सुरू केली आणि १९७३ मध्ये, ती लोकप्रिय असतानाच, थांबवली. एकाच चौकटीची व्यंगचित्रं मात्र पुढे कित्येक वर्षं काढत राहिले. वॉटरसन दहा वर्षांनी थांबले. शुल्झ जवळजवळ पन्नास वर्षं चालू राहिले, आणि त्यांची शेवटची रविवारची पट्टी छापून आली तिच्या आदल्या रात्री ते गेले. यात शहाणा कोण हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. फक्त, ‘तुमचं चित्र तुम्हालाच ओळखीचं वाटायला लागलं तर काय करता?’ एवढं विचारते. या प्रश्नावर लांबलचक शांतता येते. ती मोडू नका. रेकॉर्डर चालू राहू दे.

स्वतःच्या चित्रांची प्रगती बेताचीच. शब्दांविना हसवायचं शिकण्यासाठी शि. द. फडणीस समोर ठेवलेत. ‘मोहिनी’ मासिकाचं १९५२ सालचं ते मुखपृष्ठ आठवा : तरुणीच्या कपड्यांवर मांजरं, तरुणाच्या शर्टावर उंदीर. एकही अक्षर नाही आणि एकही रेघ जास्तीची नाही. मी सध्या माझ्या जुन्या चित्रांवरची ओळ झाकून बघते की काय उरतं. बहुतेक वेळा दोन माणसं उभी राहून बोलतायत, एवढंच उरतं. त्यामुळे या महिन्यात नियम केलाय : पात्रांना उभं करायचं नाही. वाकलेली, लटकलेली, कशाखाली तरी शिरलेली चालतील.

पुढचा गठ्ठा संपादकांचा. चित्र काढणाऱ्यापेक्षा निवडणाऱ्याशी बोलायचं आहे : ढिगातून एक उचलताना पहिल्या नजरेत नेमकं काय दिसतं, आणि चांगलं असूनही कोणतं चित्र बाजूला ठेवावं लागतं. एका गृहस्थांनी होकार दिलाय, बरोबर नाकारलेल्या चित्रांच्या झेरॉक्स आणतो म्हणालेत.

एक अडचण आहे. काही जुन्या मुलाखती कॅसेटवर मिळाल्यात, आणि आवाजामागे सतत खरखर आहे. ती काढायला गेलं की बोलणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ही खरडला जातो, आणि कागदावर टाक फिरल्याचा मागचा आवाज पार नाहीसा होतो, जो मला काहीही करून हवाय. कुणी हे काम केलं असेल तर कोणतं सॉफ्टवेअर आणि सेटिंग किती ठेवलं, ते नक्की लिहा.