गुन्ह्याचा रकाना नसलेली नोंद

सोलापूरच्या सेटलमेंट भागात मौखिक इतिहासाच्या नोंदी घेत असताना एका कैकाडी कुटुंबाने माझ्याकडे मदत मागितली. नातवाला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता, आणि विमुक्त जातीच्या, म्हणजे पूर्वी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जातीच्या, अर्जदाराला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. पणजोबा शाळेत गेलेले नव्हते, नावावर जमीन नव्हती. जुन्या दप्तरात एकच कागद हाती लागला आणि ते होते सेटलमेंटच्या, म्हणजे अशा जमातींना कुंपणात ठेवत त्या वसाहतीच्या, नोंदवहीतील पणजोबांचे पान.

ते पान मी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन मुलाच्या आजोबांना वाचून दाखवले. त्यांचा जन्म तारेच्या कुंपणाआतला. नाव, बापाचे नाव, जात, उंची, अंगावरची खूण, बोटांचे ठसे असे मी वाचत गेले. त्यांनी मला थांबवून विचारले, "बाई, माझ्या बापानं गुन्हा काय केला, ते कुठं लिवलंय?"

तसा रकानाच त्या पानावर नव्हता. गुन्हेगार जमाती कायदा 1871 साली उत्तर हिंदुस्थानात आला आणि 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमात एकदा अधिसूचित झाली की तिच्यातील माणसाच्या नोंदणीसाठी त्याचा स्वतःचा गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे. हजेरी चुकणे आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडणे हेच मग शिक्षापात्र ठरे. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभाही सरकारला होती. हे सारे मी अनेक वर्षे वर्गात शिकवत आले आहे, पण ज्याच्या बापाची ती नोंद आहे त्याला ते समजावून सांगणे फार जड गेले. अधिकच जड गेले ते यासाठी, की नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावणारे ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले माझ्याच विद्याशाखेच्या, मानववंशशास्त्राच्या, इतिहासात आहेत, आणि जन्मावरून स्वभाव ठरतो या समजुतीला शास्त्राचा आधार अशाच मोजमापांनी मिळवून दिला.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. संशय मात्र टिकला: तुरुंगांच्या नियमावल्यांतील विमुक्त जमातींविषयीचे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये द्यावा लागला. ज्या राज्याने या माणसांना पिढीजात गुन्हेगार ठरवले, त्याच्याच पाळतीची नोंद आज त्यांच्या हक्काचा एकमेव पुरावा ठरावी, हे मला अन्यायाचेच लांबलेले रूप वाटते.

आजोबांनी बराच विचार करून पान अर्जाला जोडायला होकार दिला. दाखला मिळाला की ते पुन्हा कुणाला दाखवावे लागणार नाही ना, असे नातवाने विचारले. जात पडताळणी समितीपुढे ते परत सादर करावे लागेल, हे मला त्याला सांगावे लागले.