बंबरकंदा आणि मिठाची पुरचुंडी
आज बंबरकंदाला गेलो. श्रीलंकेतला सगळ्यात उंच धबधबा, २६३ मीटर! रिक्षा चढावरच बंद पडली. आई-बाबांना घेऊन पायी निघालो, तर पाऊस. बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला, आईच्या पोटरीला जळू चिकटली. मी ती ओढून काढणार, तेवढ्यात चहाच्या मळ्यातून येणाऱ्या एका मावशींनी माझा हात धरला. पुरचुंडी सोडून चिमूटभर मीठ लावलं, जळू गळून पडली. किती माया त्या हातात! आईने त्यांना नाशिकहून आणलेला चिवडा ओंजळ भरून दिला. धबधबा अर्धा ढगातच होता. आपल्या नाशिकजवळच्या दुगारवाडी धबधब्याचे पावसाळी लोंढे माहीत असल्यामुळे कुंडात कुणालाच उतरू दिलं नाही. आईचा पाय आता बरा आहे. नाशिककरांनो, इकडे पावसात येणार असाल तर मीठ जवळ ठेवाच.