कडा उघड्या, रंग फिका

केकच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर मी माझ्याच हातानं लिहिलं होतं: नऊ इंची, तीन थर, कडा उघड्या, रंग फिका. ‘फिका’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. दोन महिने झाले, ती चिठ्ठी मी अजून टाकलेली नाही.

डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरातल्या बेकरीत मी सहा वर्षं काम करते. पहाटे तीनला ओव्हन लावायचा, सहाला दार उघडायचं, आणि शनिवारी तर कोलाचेसाठी दाराबाहेर रांग. कोलाचे म्हणजे टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या चेक लोकांनी आणलेले, मधोमध फळाचं सारण भरलेले गोड पाव. एक आजोबा दर शुक्रवारी येतात, जर्दाळूचे दोन घेतात. वय पंच्याऐंशीच्या पुढं. मार्च महिन्यात ते काउंटरपाशी थांबले आणि म्हणाले, “मॅम, जर्मन चॉकलेट केक हवाय. पण त्या काचेतला नको.”

काचेतला आमचा केक काळाभोर. कोकोचा स्पंज, मधे बादलीतून आलेलं तयार नारळाचं सारण, बाजूनं गडद बटरक्रीम, वर चेरी. विकतो खूप. मालकिणीचं म्हणणं, लोकांना काळंच हवं असतं. मला मात्र तो विकताना प्रत्येक वेळी टोचतं.

आजोबांनी जे सांगितलं ते मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तिच्या वाढदिवसाला मुलं-नातवंडं जमणार. तिचा केक दुधाच्या कॉफीच्या रंगाचा असायचा. कडांना ती काही लावायची नाही, त्यामुळे तिन्ही थर बाहेरून मोजता यायचे. लग्नानंतर तिनं वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं होतं, ते आता सापडत नाही. पातेलं खरवडायला ती ह्यांनाच द्यायची.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण त्यातली एकही खूण चुकलेली नव्हती. इथली आपली मराठी मंडळीसुद्धा मला विचारतात, “हा जर्मनीचा का?” जर्मनीशी याचा काही संबंध नाही. सॅम्युअल जर्मन नावाच्या माणसानं १८५२ मध्ये बेकर्स या चॉकलेट कंपनीसाठी एक गोड, सौम्य चॉकलेट तयार केलं, त्याला त्याचं नाव मिळालं. पुढं जून १९५७ मध्ये डॅलसच्या वर्तमानपत्रात एका इथल्याच गृहिणीची ही कृती छापून आली आणि तिथून ती देशभर गेली. आजोबांच्या बायकोचं कात्रण तेच असेल का, मला माहीत नाही. पण त्या काळातली डॅलसची नवी नवरी, आणि वर्तमानपत्रातलं कात्रण! मी तरी तेच धरून चालले.

फिकेपणाचं कारणही त्या कृतीतच आहे. तीन थरांच्या अख्ख्या केकला चॉकलेट फक्त ४ औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम, तेही गोड जातीचं, अर्धा कप उकळत्या पाण्यात विरघळवलेलं. एक कप लोणी, दोन कप साखर, एक कप ताक, एक चमचा सोडा, चार अंडी. अंड्यातलं पांढरं वेगळं काढून ताठ फेटायचं आणि अगदी शेवटी, हात हलका ठेवून, खालून वर घेत मिसळायचं. इथं घाई केली की थर चिवट होतो. ३५० फॅरनहाइटला अर्धा तास. थर इतके नाजूक होतात, की गरम असताना उचललात तर हातात तुकडे येतात. चॉकलेटची चव मागून येते, पुढं असतं ताक आणि लोणी. ज्यांना हा केक ‘कमी चॉकलेटी’ वाटतो त्यांनी दुसरा खावा, यात कोको ओतू नये.

त्या शनिवारी मी पहाटे दोनलाच गेले. तो एक तास माझा होता, पगारातला नव्हता. मालकीण आदल्या दिवशी म्हणाली होती, “बादलीतलं घाल, कुणाला कळतंय?” सगळ्यांना कळतं. नेमकं काय कमी आहे ते सांगता येत नाही, एवढंच. आणि कळत नाही असं धरून चालणाऱ्या धंद्यानं या केकचं वाटोळं केलंय.

फ्रॉस्टिंगला, म्हणजे थरांवर पसरायच्या सारणाला, माझा हात बसलाय तो सावंतवाडीच्या स्वयंपाकघरात, आईच्या नारळाच्या वड्या घोटताना. जाड बुडाच्या पातेल्यात इव्हॅपोरेटेड दूध, साखर, अंड्यातलं पिवळं आणि लोणी. हे दूध नुसतं आटवलेलं असतं, साखर नसते. पुष्कळजण कंडेन्स्ड मिल्क घालतात आणि मग गोडानं जीभ बसते. मध्यम आचेवर बारा-तेरा मिनिटं, उलथणं तळाला घासत सतत ढवळायचं. आधी पातळ, मग फेस, मग एकाएकी फेस बसतो आणि रंग सोनेरी तपकिरी व्हायला लागतो. उलथण्यामागे पातेल्याचा तळ क्षणभर दिसला की उतरवायचं. वडीचा हात इथंच आवरावा लागतो, कारण वडीसाठी आपण गोळा कडा सोडेपर्यंत थांबतो. इथं तेवढं थांबलात तर पिवळं फाटतं, डोळ्यांदेखत दाणे पडतात. मग नारळाचे गोड काप आणि भाजलेले पीकॅन, म्हणजे अक्रोडाच्या जातीचा सुकामेवा. पीकॅन तर इथलंच, टेक्सासचा तो राज्यवृक्ष आहे. पण त्यात तेल फार, त्यामुळे उघडं ठेवलं की खवट होतं. मी फ्रीजरमधले काढून आठ मिनिटं भाजले. थंड होईपर्यंत अधूनमधून हलवत राहायचं आणि थरावर टाकून चमच्याच्या पाठीनं पसरायचं. कडांना ते चिकटत नाही, नारळ-पीकॅनच्या वजनानं घसरतं. म्हणून कडा उघड्या.

पाच वाजता मी तो फिरत्या पाटावर ठेवून लांबून पाहिला. तीन फिके थर, मधून डोकावणारा नारळ. सोबतच्या मुलानं विचारलं, “हा कुठला केक?” त्यानं आमच्याकडे दोन वर्षं ‘जर्मन चॉकलेट’ डब्यात भरलं होतं.

अकरा वाजता न्यायला आजोबा आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. साठीचा असेल. डबा उघडला आणि म्हणाला, “हा अर्धवट आहे. बाजूनं काही लावलंच नाही. आणि चॉकलेट कुठाय?”

मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी असाच सांगितलाय. चिठ्ठी दाखवली.

“बाबांना आता नीट आठवत नाही. तीस माणसं येणार आहेत. आईचा केक मला माहीत आहे.”

मी म्हटलं, चिठ्ठीवर नंबर आहे, एकदा विचारते. तेवढ्यात मालकीण आली. “दहा मिनिटांचं काम आहे, लावून दे.” मागे रांग होती. मुलाचा फोन सतत वाजत होता, त्याचे डोळे सुजलेले होते. मी आजोबांना फोन लावला नाही. केक आत नेला आणि गडद बटरक्रीम लावलं. चारी बाजूंनी आणि वरसुद्धा. हात सरावाचा आहे, सहा मिनिटांत कडा गुळगुळीत झाल्या. फिकं काही दिसेना.

तो मुलगा वाईट नव्हता. नंतर मला वाटायला लागलं, कदाचित त्याचंही खरं असेल. ही बाई पन्नास-साठ वर्षं केक करत होती. नवऱ्याला आठवतो तो लग्नानंतरचा, मुलाला आठवतो तो त्याच्या शाळेच्या दिवसांतला. तोवर बाजारात तयार पाकिटं आली होती, डबाबंद फ्रॉस्टिंगही. तिनंच पुढं कडा झाकायला सुरुवात केली असेल. पण ऑर्डर ज्यानं दिली त्याला विचारायला एक मिनिट लागलं असतं. पैसे देणारा तो गिऱ्हाईक, असं मालकीण म्हणते. चिठ्ठी कुणाच्या तोंडून लिहिली गेली याला मग काही किंमतच नाही. मला हे पटलेलं नाही. आणि तरी बटरक्रीम लावणारा हात माझाच होता.

पुढच्या शुक्रवारी आजोबा आले. जर्दाळूचे दोन. “केकबद्दल आभार,” म्हणाले.

मी विचारलं, “बरोबर झाला होता का?”

त्यांनी कागदी पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. “मधलं बरोबर होतं,” म्हणाले.

मी सुटे पैसे त्यांच्या हातावर मोजले.