चार बोल्ट

डोहाळजेवणाच्या सजावटीच्या ऑर्डरीत चंद्रकोर, होडी, धनुष्यबाण काहीही सांगा, सगळ्यात जास्त फोटो निघतात ते झोपाळ्यावर. म्हणून चार वर्षांपूर्वी मी फॅब्रिकेटरकडून सुटा होणारा लोखंडी झोपाळा करून घेतला. कैचीसारखे दोन पाय, वर आडवा पाइप, दोन साखळ्या, सागवानी पाट. आडवा पाइप दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्टांनी पायांना जोडायचा. उघडला की छोट्या हत्ती टेम्पोत मावतो आणि वर फुलांच्या क्रेटसुद्धा बसतात.

त्या रविवारची ऑर्डर कराडला होती, बंगल्याच्या गच्चीवर. आमचं गोडाऊन साताऱ्यात. म्हणजे काही विसरलं तर जाऊन-येऊन दोन तास गेलेच. त्यामुळे आदल्या रात्री मी स्वतः उभी राहून माल भरते. यादी पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेली आहे. लाइटच्या बाबतीत तर मी फार कडक. एकदा वायरचा ड्रम न उलगडता, गुंडाळलेल्याच वायरीवर दोन हॅलोजन लावले होते. अर्ध्या तासात जळका वास. वरचे वेढे ठीक होते, आतले एकमेकांना चिकटून गेले होते, कारण गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वावच नसतो. तेव्हापासून प्रत्येक दिवा, प्रत्येक बोर्ड गोडाऊनमध्येच लावून बघायचा आणि जागेवर ड्रम पूर्ण सोडायचा. दोन हॅलोजन म्हणजे दोन हजार वॅट, जवळजवळ नऊ अँपिअर. घरातल्या साध्या पाच अँपिअरच्या पिनेवर ते चालत नाही, म्हणून गिझरची पिन कुठे आहे हे ऑर्डर घेतानाच विचारते.

त्या रात्रीही हे सगळं केलं. झोपाळ्यापाशी आल्यावर वाचलं : पाय 2, पाइप 1, पाट 1, साखळ्या 2, बोल्ट 4. पिशवीत हात घातला, चार लागले, टिक केली.

सकाळी सातला गच्चीवर पोचलो. ऊन कुठून येतंय ते बघून फुगे भिंतीच्या सावलीत घेतले, कारण क्रोमचे फुगे उन्हात तासाभरात चमक सोडतात आणि जुने वाटायला लागतात. पोरांनी झोपाळा उभा केला. धाकटा पाना सोडून पक्कड मागत होता, मी दिली. कशाला मागतोय हे विचारायला पाहिजे होतं. माझं लक्ष शेवंतीत. साखळ्यांना निशिगंध, पाइपला आणि सांध्यांना झेंडूच्या जाड माळा. सांधा दिसला की लोखंड दिसतं, म्हणून तिथे माळ दुप्पट.

एरवी झोपाळा झाला की मोठा पोरगा त्यावर बसून दोन झोके घेतो. त्या दिवशी तो खाली कमानीला लागला होता आणि झोके घेऊन बघायचं राहिलंय हे मलाही आठवलं नाही. आठवण करून दिली ती घरच्या आजींनी. नऊवारीत हळूहळू जिना चढून आल्या, झोपाळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "छान झालाय. आता आधी तू बस की गं."

"आजी, माळा खराब होतील."

"हूं दे. आमची पोर सात महिन्यांची हाय."

बसले. पहिला झोका नीट. दुसऱ्याला डोक्यावर 'कट्' असा आवाज झाला आणि डावीकडचा पाइप किंचित खाली बसला. माळ तशीच डोलत होती, बाहेरून कुणाला काही कळलं नसतं.

माळा कापल्या. दहा एमएमच्या भोकात सहाचे बोल्ट होते, डोकं आत जाऊ नये म्हणून मोठा वायसर घालून. त्यातला एक वाकलेला. धाकट्याचा चेहरा उतरला. मागच्या लग्नात रात्री सामान उतरवताना दोन बोल्ट हरवले होते, मी ओरडेन म्हणून त्याने मिळतील ते आणून संख्या पुरी केली होती. सहाचा बोल्ट दहाच्या जागी म्हणजे निम्मासुद्धा नाही. कापलेलं तोंड बघितलं तर जेमतेम तिसरा हिस्सा लोखंड. ओरडले मी, खोटं कशाला बोलू. पण चार म्हणून टिक माझ्या हातची होती. मोजले होते, बघितले नव्हते.

साडेआठला हार्डवेअरचं दुकान कोण उघडणार? आमचा ड्रायव्हर हायवेला पळाला, ट्रकच्या गॅरेजवाल्यांना रविवार नसतो. परत आला तो डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा कोरलेले सहा बोल्ट घेऊन, स्प्रिंग वायसरसकट. मिस्त्रीने कशाला हवेत विचारलं, डोहाळजेवणाचा झोपाळा म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत आणि दोन जास्तीचे दिले. आम्ही चारही बदलले, पान्याने आवळले, पुन्हा माळा बांधल्या. वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत झालं, कारण हात थरथरत होते.

आजींचं तरी समाधान कुठे! त्यांनी नातजावयाला बोलावलं. तो चांगला नव्वद किलोच्या वरचा. हिरव्या-पिवळ्या माळांमध्ये तो लाजत झोके घेतोय आणि बायका त्याच्यावरच फुलं टाकतायत, हा फोटो त्या दिवसातला सगळ्यात भारी निघाला. मग हिरव्या साडीत, कळ्यांचे दागिने घालून आजींची नात बसली. मी मात्र सगळा वेळ डावीकडच्या सांध्याकडेच बघत होते. पेढा निघाला की बर्फी, मला आजही माहीत नाही.

निघताना आजींनी माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "बारशाला पाळणा बी तूच आण. पण त्यात काय तुला बसून बघता यायचं न्हाई."