आजींच्या अंगठ्यासाठी सतरा दिवस

"आजींच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, मॅडम. थंब लागणारच नाही." भाडेकराराच्या नोंदणीसाठी हे वाक्य मी सतरा दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की आता आठवलं तरी डोकं तापतं. कारण आजींच्या बोटांना काहीही झालेलं नव्हतं.

साताऱ्याहून पुण्याला बदली झाली ती एप्रिलमध्ये. घर मे संपायच्या आत हवं होतं, कारण लेक आठवीत जाणार होती आणि नवी शाळा १६ जूनला उघडणार होती. घर शोधणं, शाळेत प्रवेश, जुन्या शाळेचा दाखला, सामान बांधणं, हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कोथरूडमध्ये दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट मिळाला. मालकीणबाई ७८ वर्षांच्या. त्या जवळच दुसऱ्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात, मुलगा कॅनडात असतो. पहिल्या भेटीतच त्यांनी "मला आजीच म्हण गं" असं सांगून टाकलं. भाडं २४,००० आणि डिपॉझिट एक लाख ठरलं. साताऱ्याच्या घरमालकांना ३१ मेला किल्ली द्यायची होती, १ जूनला तिथे दुसरे भाडेकरू येणार होते.

आता राहिला फक्त करार. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झालं, असं अजूनही पुष्कळजण सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने वापरायला देण्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पुढे वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं आणि ते खोटं ठरवणं मालकाकडे येतं. म्हणजे नोंदणीत मालकाचंच हित जास्त आहे. आजींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग करूनच टाकू, पळवाट कशाला?"

आमच्या सोसायटीचा नियमही तोच. नोंदणी झालेला करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरल्याची पावती दाखवल्याशिवाय सामानाची गाडी गेटच्या आत येणार नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही.

नोंदणी हल्ली घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे ठसे आधारशी जुळवून घेतो आणि दस्त ऑनलाइन दुय्यम निबंधकांकडे (सब-रजिस्ट्रारकडे) जातो. २८ मेला संध्याकाळी एजंटने एक पोरगा पाठवला. माझा ठसा लागला, यांचा लागला, दोन्ही साक्षीदारांचे लागले. पाच मिनिटांचं काम. मग आजींनी अंगठा ठेवला आणि पडद्यावर लाल चौकट आली. पोरानं ती बंद केली, पुन्हा अंगठा ठेवायला सांगितला. पुन्हा लाल चौकट. उजव्या हाताची पाच बोटं झाली, डाव्याची पाच झाली. "वयामुळे होतं," असं म्हणून त्यानं मशीन पिशवीत घातलं.

आजींनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं आहे. त्यांच्या डाव्या तर्जनीच्या टोकाला सुया टोचून टोचून बारीक खडबडीत कातडं झालंय, तेवढंच. बाकीची बोटं लख्ख आहेत. पोरगा गेल्यावर त्या कितीतरी वेळ दिव्याखाली हात धरून बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, रेषा तर दिसतायत मला. चष्म्याशिवाय दिसतायत."

३० मेला तो पुन्हा आला. या वेळी ओल्या फडक्याने बोटं पुसून झाली, मग खोबरेल लावून झालं, मग ते पुसून कोरडं करून झालं. सतरा-अठरा वेळा तरी अंगठा दाबून घेतला असेल. शेवटी तो स्वतःच आजींचा अंगठा धरून काचेवर दाबायला लागला तेव्हा मी थांबवलं. पुन्हा तीच लाल चौकट, पुन्हा क्षणात बंद.

दुसऱ्या दिवशी आम्हाला साताऱ्याचं घर सोडावंच लागलं. त्या वर्षी, म्हणजे २०२५ला, पाऊस मेच्या अखेरीसच आला होता. खंबाटकीच्या बोगद्याजवळ टेम्पोवर ताडपत्री फडफडत होती आणि मी पुढच्या गाडीतून सारखी मागे बघत होते. सामान उतरलं ते नणंदेच्या सिंहगड रोडच्या घरी. तिच्या हॉलमध्ये आमची तेवीस खोकी, कपाट, पलंगाच्या फळ्या. तिच्या घरची पाच माणसं आणि आम्ही तिघं. ती एका शब्दाने बोलली नाही, उलट रोज विचारायची, "वहिनी, लागला का गं अंगठा?" त्या घरात हे विचारणं रोजचंच होऊन गेलं होतं.

इथे मध्येच एक सांगते, नाहीतर विसरेन. गावाहून गावाला जाताना गॅसचं सिलिंडर टेम्पोत घालून नेऊ नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचा, डिपॉझिट परत घ्यायचं आणि ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. ते आणि गॅसचं कार्ड नव्या गावच्या एजन्सीत दाखवलं की तिथे नवीन सिलिंडर मिळतो. शेगडी आणि नळी आपली आपण न्यायची. पण नव्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि आमचा पुरावा अडकला होता आजींच्या अंगठ्यात. व्हाउचर मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरत होते.

४ जूनला एजंटने दुसऱ्या कंपनीचं मशीन पाठवलं. तेच झालं. मग एजंट फोनवर म्हणाला, आजींचं आधार अपडेट करावं लागेल, दुसरा इलाज नाही. आजींचे गुडघे दुखतात. त्यांना रिक्षात बसवून ७ जूनला आधार केंद्रावर नेलं. टोकन, रांग, दीड तास. तिथल्या बाईंनी चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली आणि पडद्यावर पट्ट्या हिरव्या झाल्या. दुसरा हात, हिरवा. दोन्ही अंगठे, हिरवे. त्या बाई म्हणाल्या, "ठसे तर एकदम चांगले आहेत आजींचे."

आजी खुर्चीत ताठ बसल्या. "बघ," एवढंच म्हणाल्या.

मी तेव्हाच विचारायला हवं होतं: ठसे इतके स्वच्छ उमटतायत तर जुळत का नाहीत? पण मला वाटलं, आता नवीन ठसे गेले, आता जुळतील. ११ जूनला पोरगा चौथ्यांदा आला. लाल चौकट आलीच. तो बंद करायला गेला तेव्हा मी म्हटलं, थांब, हात लावू नकोस. आणि मोबाइलवर फोटो काढला.

रात्री नणंदेच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून मी तो फोटो मोठा करून वाचला. इंग्रजीत एक ओळ होती आणि शेजारी आकडा होता, ३३०. त्या ओळीचा अर्थ सरळ होता: आधारधारकाने बायोमेट्रिक लॉक केलेले आहे, म्हणजे ठशांनी ओळख पटवणंच बंद करून ठेवलं आहे. ठसा जुळत नसेल तर येतो तो आकडा ३००. आमच्या पडद्यावर ३३० होता. अठ्ठावीस मेपासून, प्रत्येक वेळी, तोच. बोटांचा प्रश्नच नव्हता. दाराला आतून कुलूप होतं आणि आम्ही चौदा दिवस किल्लीला तेल लावत होतो.

मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. चुकू शकतो माणूस. पण ज्याचं रोजचं काम हेच, ज्याने त्याचे पैसे घेतले, त्याने चार वेळा समोर आलेली एक ओळ वाचू नये? आणि न वाचता एका म्हाताऱ्या बाईला तिचे हात निकामी झालेत असं सांगावं?

त्याच वेळी कॅनडात फोन लावला. आजींच्या मुलाला क्षणात आठवलं. २०२३ मध्ये आधारच्या ठशांची नक्कल करून बँक खात्यातून पैसे काढल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा सुट्टीवर आलेला असताना त्याने आईचं बायोमेट्रिक लॉक केलं होतं. आईला सांगितलंही होतं, पण ती गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. त्याने केलं ते योग्यच केलं, मी स्वतःचंही आता लॉक करून ठेवलंय. फक्त घरातल्या मोठ्यांचं लॉक करत असाल तर ते आधार कार्डाच्या झेरॉक्सवरच पेनाने लिहून ठेवा.

उघडणं सोपं निघालं. आधारच्या संकेतस्थळावर त्यांचा क्रमांक घालून लॉगिन करायचं, ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. आजींचा तो साधा बटणांचा फोन, पण नंबर तोच होता, हे नशीब. नंबर बदललेला असता तर आधी केंद्रावर जाऊन तो नोंदवावा लागला असता. काही अडलं तर आधारची हेल्पलाइन १९४७ आहे. तात्पुरतं उघडलं की ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप बंद होतं. म्हणून १२ जूनला सकाळी मी पोराला आधी बसवलं, दस्त उघडायला लावला, मशीन जोडून माझ्या अंगठ्याने चालतंय का ते बघितलं आणि मगच आजींच्या फोनवरचा ओटीपी टाकला. आजी आकडे वाचून दाखवत होत्या, एकेक, सावकाश.

अंगठा ठेवला. हिरवी खूण आली. पहिल्याच वेळी.

आजींनी अंगठा उचलला नाही. तसाच ठेवून त्या पोराकडे बघत राहिल्या. मग पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "माझे हात चांगले आहेत, बाळा." त्याने मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही, खरं सांगते.

१३ तारखेला संध्याकाळी नोंदलेला दस्त आला. पोलिसांकडे द्यायची माहिती रात्रीच ऑनलाइन भरली आणि १४ जूनला, शनिवारी, गाडी गेटच्या आत गेली.

ज्यांचे ठसे खरोखरच उमटत नाहीत अशी माणसं आहेतच, त्यांच्यासाठी हे. त्यांना घर भाड्याने देता येणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन साक्षीदारांसह करार नोंदवता येतो. जाणंच शक्य नसेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३१ आणि ३८ मध्ये अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची सोय आहे. त्यासाठी कारण दाखवून अर्ज करावा लागतो आणि वेगळी फी असते. मला हे १० जूनला एका वकिलीण मैत्रिणीकडून कळलं. एजंटला विचारलं तर म्हणाला, असं काही नसतं.

खर्चाचंही पाहून घ्या. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमचा अकरा महिन्यांचा हिशेब ६८३ रुपयांचा, म्हणजे भरायचे ७००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. सरकारी पावत्यांवरच्या रकमेच्या वर एजंट जे सांगेल ती त्याची मजुरी, ती किती द्यायची ते आधी ठरवा. आणि पैसे पूर्ण देऊ नका दस्त हातात येईपर्यंत. मी दिले होते.

सामान चढवण्याबद्दल एकच. लिफ्टचं दार मापून घ्या. आमचं कपाट सव्वासहा फुटांचं, लिफ्टमध्ये आडवंही जाईना, चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने न्यावं लागलं आणि त्याचे हमालांनी वेगळे पैसे घेतले, ते रास्तच होते. विजेच्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून आजींना पाठवला. पाणी सकाळी सहा ते आठ येतं हे तिसऱ्या दिवशी कळलं, ते घर बघायला गेले तेव्हाच वॉचमनला विचारायला हवं होतं.

गॅस यायला २० जून उजाडला. तोवर शेजारच्या काकूंच्या इंडक्शनवर चाललं. गॅस आला त्या दिवशी आजींना बोलावलं आणि दूध उतू घालायचं काम त्यांनाच दिलं. दूध वर येईपर्यंत त्या शेगडीपाशी उभ्या होत्या. मग हात पुसून त्यांनी पिशवीतून वही काढली. "ते कुलूप उघडायचं कसं, मोठ्या अक्षरात लिहून दे," म्हणाल्या. "एप्रिलात करार संपेल, तेव्हा तो पोरगा परत येईल."

मी लिहून दिलं. वर १९४७ आणि खाली ३३०.